रेंज आहे, कोरम नाही

पोलादपूर सोडून महाबळेश्वरच्या रस्त्याला लागलं, की आंबेनळीचा घाट चढायच्या आधी कापडे लागतं. बुद्रुक आणि खुर्द अशी दोन. प्रतापगड-महाबळेश्वरला निघालेल्या गाड्या इथे थांबत नाहीत. थांबतात ती एसटीची वाट बघणारी माणसं, आणि अलीकडे त्यांच्या जोडीला रेंज शोधत आलेली. रस्ता सोडून खोऱ्यात आत शिरलं की फोनवरच्या काड्या एकेक करून गळतात. मग ज्याला काही 'चढवायचं' असतं, म्हणजे ई-पीक पाहणीचा फोटो, पोराचा शिष्यवृत्तीचा अर्ज, नाहीतर पेन्शनीसाठी हयातीचा दाखला, तो खिशात फोन घालून रस्त्यावर येतो.

मीही तसाच थांब्याच्या बाकावर बसलो होतो. फोनवर ई-ग्रामस्वराज उघडलं. केंद्राच्या पंचायतराज मंत्रालयाचं हे पोर्टल २४ एप्रिल २०२० ला सुरू झालं. तिथे कोणत्याही ग्रामपंचायतीचा आराखडा आणि खर्च कुणालाही बघता येतो. पासवर्ड लागत नाही, अर्ज लागत नाही, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्पही नाही. राज्य निवडा, जिल्हा परिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायत, मग वर्ष. गोल गोल फिरणारी चकती थांबली की कामांची यादी येते. कामाचं नाव, मंजूर रक्कम, खर्च, काम कुठवर आलं ते.

शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांना मी त्यांचं गाव विचारलं आणि काढून दाखवलं. गावाचं नाव इथे सांगत नाही, खोऱ्यातलंच एक. यादी इंग्रजीत होती. 'रिपेअर ऑफ पाइपलाइन' असं एका ओळीत होतं. मी मराठीत सांगितल्यावर ते म्हणाले, "हां, वरच्या वाडीची लाइन. झाली ना ती. पाणी येतं." आकडा सांगितला, त्यावर मान हलवली. घोटाळा वगैरे काही नव्हतं; काम झालं होतं, पैसे लागले होते, पाणी येत होतं. थोडा वेळ ते माझ्या फोनकडे बघत राहिले आणि म्हणाले, "पण हे ठरलं कधी? आमची खालची वाडी मे महिन्यात टँकरवर असते. वरची लाइन आधी करायची, हे कुणी ठरवलं?"

पोर्टलवर त्याचं उत्तर सापडलं नाही. आराखडा ग्रामसभेत मंजूर झाल्याची तारीख असते, पण कोण बोललं, कुणी हरकत घेतली, खालच्या वाडीचं नाव निघालं की नाही, हे त्या चौकटींत कुठे भरायचं असतं? इंटरनेट आणि लोकशाही या विषयावर बऱ्याच चर्चासत्रांत बसलो आहे. तिथे पारदर्शकता हा शब्द पंधरा मिनिटांत एकदा तरी येतो. त्या बाकावर लक्षात आलं, की पारदर्शकतेने फार तर काच पुसली जाते. आत जायचं दार वेगळीकडे आहे.

ते दार म्हणजे ग्रामसभा. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम ७ प्रमाणे वर्षात किमान चार सभा घ्याव्या लागतात. पडलेला रिवाज असा, की १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि २६ जानेवारी. गणपूर्ती, म्हणजे लोकांच्या भाषेत कोरम, एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यातलं जे कमी असेल ते. चारशे मतदारांच्या गावाला साठ माणसं लागतात. ऐकायला सोपं वाटतं. पण पोलादपूर-महाडच्या खोऱ्यांत मतदार यादीतली चारशे माणसं आणि गावात रात्री दिवा लावणारी चारशे माणसं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तरणी माणसं मुंबई, ठाणे, पुणे, नाहीतर महाडच्या एमआयडीसीत. गावात म्हातारी, बायका, शाळकरी पोरं. १५ ऑगस्टला बेणणीचे दिवस, २ ऑक्टोबरला हळवं भात कापायला आलेलं. साठ माणसं कुठून आणायची? सभा तहकूब होते. तहकूब सभेला मग कोरमची अट लागत नाही, आणि ती वीस-पंचवीस माणसांत उरकते. कायद्यानुसार सगळं ठीक.

सगळं गाव एका जागी असतं ते गौरी-गणपतीत आणि शिमग्याला. तेव्हा गावकीच्या बैठका होतात आणि त्या दणकून होतात. पालखी कुणाच्या दारात आधी जाणार यावर रात्री दोनपर्यंत वाद चालतो, आणि त्या वादात सगळ्या वाड्या असतात, मुंबईकरही असतात. सांगितलेल्या तारखांखेरीज इतर दिवशी ग्रामसभा घ्यायला कायद्याची आडकाठी नाही. नोटीस दिली की झालं. तरी गणपतीत ग्रामसभा बोलावणारी पंचायत मला अजून भेटलेली नाही. देवाच्या कामात राजकारण नको म्हणतात. पालखीच्या वादापेक्षा मोठं राजकारण या खोऱ्यांत दुसरं कुठलं आहे, ते मला ठाऊक नाही.

मुंबईकरांचा गावच्या कारभारातला हात काही इंटरनेटने आणलेला नाही. गिरणगावात या गावांच्या खोल्या होत्या. गावकीची खोली: भिंतीला खुंट्या, खुंटीला पिशव्या, पाळीपाळीने झोपणारी माणसं. तिथे महिन्याला बैठक व्हायची, वर्गणी जमायची, देवळाच्या कौलांचा नाहीतर शाळेच्या भिंतीचा ठराव व्हायचा आणि तो पोस्टकार्डाने गावाला यायचा. सोबत मनिऑर्डर असल्यामुळे ठरावाला वजनही असायचं. आज त्या खोलीची जागा व्हॉट्सअॅपच्या ग्रुपने घेतली आहे. पोस्टकार्डाला गाव आठवडाभर विचार करून उत्तर द्यायचं. आता निरोप पोचायच्या आत अंगठा येतो. जुन्या ठरावाखालीही अंगठा असायचा, पण तो शाईचा होता आणि ज्याचा असेल त्याला नंतर त्याचा जाब द्यावा लागायचा.

तरी ग्रुपला नावं ठेवणं सोपं आहे म्हणून ठेवू नयेत. महाडजवळच्या एका गावच्या ग्रुपवरचे दोन महिन्यांचे निरोप मी परवानगी घेऊन वाचले. सकाळचे नमस्कार आणि वाढदिवस वगळून उरलं ते असं: विजेचा डीपी जळाल्याचा फोटो, एसटी फेरी बंद झाल्याची तक्रार, घरकुल यादीत कुणाचं नाव आलं, दवाखान्यात डॉक्टर आहे का. हे सगळं राज्यकारभाराचंच आहे. फक्त ते ऐकणारं दुसऱ्या टोकाला कुणी नव्हतं. सरपंच ग्रुपमध्ये होते, पण गावच्या भाषेत सांगायचं तर 'बघून सोडणाऱ्यां'त. भाऊसाहेब, म्हणजे ग्रामसेवक (२०२४ पासून हुद्दा 'ग्रामपंचायत अधिकारी' झालाय, पण भाऊसाहेब ते भाऊसाहेबच), ते ग्रुपमध्ये नव्हते. तीन गावांचा कारभार त्यांच्याकडे होता. ते म्हणाले, "तीन ग्रुप घेतले तर जेवू कधी?" त्यांचंही खोटं नाही.

कोरोनात काही काळ वाटलं होतं, की हा गुंता सुटेल. ग्रामसभा आधी थांबल्या आणि नंतर ऑनलाइन घ्यायची मुभा मिळाली. काही गावांत पहिल्यांदाच डोंबिवलीत बसलेल्या माणसाने आपल्या गावच्या ग्रामसभेत तोंड उघडलं. पण ज्या बाईच्या डोक्यावर हंडा होता, तिच्या घरातला एकच फोन नवऱ्याच्या खिशात होता, आणि नवरा रेंजसाठी टेकाडावर. मुंबईकर आत आले आणि गावकरी बाहेर राहिले. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची, ही तरतूद कायद्यात उगाच नाही आली. आता सरकारच्या 'उमेद' अभियानातल्या बचत गटांमुळे गटांचं काम बघणाऱ्या सीआरपी ताईंच्या हातात स्वतःचे फोन आले आहेत. त्या बँकेचे हप्ते, गटांच्या नोंदी, सर्वेक्षणं असं सगळं त्यावर भरतात. एका ताईंना विचारलं, यातलं ग्रामसभेत काही बोलता का? त्या हसल्या. "माहिती वर पाठवतो आम्ही. सभेत पुढे बसायची सवय नाही अजून."

'माहिती वर पाठवतो' हे मला पुष्कळ ठिकाणी ऐकू आलं. वर पाठवायची व्यवस्था चोख झाली आहे. खाली विचारायची वेळ आली की काय होतं, त्याचा नमुना याच डोंगरांत आहे. पश्चिम घाटाचं काय करायचं हे ठरवायला माधव गाडगीळांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल २०११ मध्ये सरकारला मिळाला आणि तिथेच राहिला. तो लोकांसमोर यायला माहिती अधिकाराचा अर्ज, माहिती आयोगाचा आदेश आणि दिल्ली उच्च न्यायालय एवढी वाट तुडवावी लागली. मे २०१२ मध्ये तो संकेतस्थळावर आला. गाडगीळांचं म्हणणं सुरुवातीपासून हे होतं, की अहवाल स्थानिक भाषांत आणा, ग्रामसभांपुढे ठेवा, त्यांना काय हवं ते ठरवू द्या. झालं उलट. २०१३ ला कस्तुरीरंगन समितीचा अहवाल आला आणि २०१४ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरवणाऱ्या अधिसूचनेचे मसुदे निघू लागले. ३१ जुलै २०२४ चा मसुदा सहावा. सहा राज्यांत मिळून सुमारे ५६,८२५ चौरस किलोमीटर, त्यात महाराष्ट्राचे १७,३४० च्या आसपास. सह्याद्रीला पाठ लावून बसलेल्या या दोन तालुक्यांचा त्याच्याशी संबंध आहे हे सांगायला नको. हरकत घ्यायची तर ६० दिवसांत, दिल्लीला पत्राने किंवा ई-मेलने.

कागदावर यासारखी सोय नाही. खोऱ्यातल्या कुणीही घरबसल्या थेट पर्यावरण मंत्रालयाला लिहावं! पण मसुदा राजपत्राच्या हिंदीत आणि इंग्रजीत. इंग्रजी यादीत गाव शोधायचं तर आधी साहेबाने स्पेलिंग कसं केलं असेल त्याचा अंदाज बांधायचा. 'कापडे'च्या शेवटी एक ई की दोन, आणि बुद्रुक पूर्ण लिहिलंय की नुसतं 'बीके'? ऑगस्ट-सप्टेंबर, म्हणजे या भागात वीज आणि रेंज दोन्ही लहरीवर असण्याचे महिने. आपली जमीन, आपलं लाकूड, आपला चिरा याबद्दल काय ठरतंय ते गावाला कळलं व्हॉट्सअॅपवरून, तेही निम्मंशिम्मं. कुणी म्हणे घर बांधायला बंदी, कुणी म्हणे वाघ सोडणार.

भाषेचा हा मुद्दा न्यायालयात टिकतो हेही एकदा दिसलं आहे. २०२० च्या मार्चमध्ये पर्यावरणीय आघात मूल्यांकनाचा नवा मसुदा आला, तोही हिंदी-इंग्रजीतच. विक्रांत तोंगड यांच्या याचिकेवर दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० ला सांगितलं, की मसुदा आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या भाषांत करा, आणि मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली. त्या मसुद्यावर लाखांच्या संख्येने ई-मेल गेले. देशभरच्या तरुणांनी लॉकडाऊनमध्ये घरी बसून ते पाठवले. त्या ढिगातला प्रत्येक ई-मेल कुणी वाचला का, हा भाबडा प्रश्न मी विचारत नाही. पण एकसारखे लाख ई-मेल आले की मोजणाऱ्याला ते एकच वाटतात. एखाद्या ग्रामसभेचा ठराव मात्र जावक क्रमांकासह जातो, आणि त्याला कधी ना कधी उत्तर द्यावं लागतं.

मुंबई-गोवा महामार्गाचंही असंच. दीड दशक रखडलेला हा रस्ता महाड-पोलादपूरवरूनच जातो. खड्ड्यांचे व्हिडिओ, मीम, लाइव्ह असं समाजमाध्यमांवर दर गणपतीला उधाण येतं. सरकारला मुदतीच्या तारखा सांगायला भाग पाडलं ते मात्र अॅड. ओवेस पेचकर यांच्या उच्च न्यायालयातल्या जनहित याचिकेने. अर्थात व्हिडिओंनी काहीच झालं नाही असंही नाही. मुंबईतल्या माणसाला खड्डा दिसला आणि तो चिडला, हेही कामाचंच. पण चिडलेल्या माणसाला चिडून झाल्यावर कुठे जायचं, ते कळायला हवं.

महाडात बसून हे लिहिताना शंभर वर्षांमागची गोष्ट टाळता येत नाही. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ मध्ये मंजूर झाला. पुढच्या वर्षी महाड नगरपालिकेने त्याला अनुसरून चवदार तळं खुलं असल्याचा ठराव केला. म्हणजे हक्क होता, सरकारी दप्तरात होता, मागेल त्याला दाखवता येत होता. आजच्या भाषेत 'अपलोड' झालेला होता. तीन वर्षं तळ्याचं पाणी अस्पृश्यांपैकी कुणी प्यायलं नाही. मग दासगावच्या रामचंद्र बाबाजी मोरेंनी आणि त्यांच्या सोबत्यांनी परिषदेची तयारी केली, गावोगाव निरोप गेले, आणि २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकरांच्या मागून माणसं रांगेने तळ्यावर चालत गेली. ओंजळ भरली तेव्हा तो ठराव खरा झाला. आणि खरा झाल्याबरोबर तो टोचायला लागला: ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने तो मागे घेतला. कागदावर निजलेल्या ठरावाचा तीन वर्षांत कुणाला त्रास नव्हता. प्रकरण न्यायालयात गेलं आणि उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल यायला १९३७ उजाडलं.

पोर्टलांचं कौतुक ऐकताना मला ती तीन वर्षं आठवतात.

बाहेरचं एक उदाहरण सांगतो, कारण ते आपल्या मापाचं आहे. आइसलँड हा देश २०११ च्या सुमारास सव्वातीन लाख वस्तीचा, आपले दोन-तीन तालुके होतील एवढा. बँका बुडाल्यानंतर त्यांनी २०११ मध्ये नवी राज्यघटना लिहायला पंचवीस नागरिकांचं मंडळ नेमलं. मसुद्याची कलमं जशी लिहिली जातील तशी इंटरनेटवर टाकली, फेसबुकवर लोकांच्या सूचना घेतल्या. जगभर गाजलं. ऑक्टोबर २०१२ मध्ये सार्वमत झालं आणि मत देणाऱ्यांपैकी सुमारे दोन तृतीयांशांनी हा मसुदा पाया म्हणून मान्य केला. संसदेने तो मंजूर केलाच नाही. तिथे तर रेंज होती, कोरम होता, भाषाही त्यांची स्वतःचीच होती. संसदेच्या वहीत तेवढं ते उतरलं नाही.

आपल्याकडे गावापासून लांब असलेल्या मतदाराचा प्रश्न निवडणूक आयोगालाही पडला आहे. डिसेंबर २०२२ मध्ये आयोगाने दूरस्थ मतदान यंत्राचा प्रस्ताव मांडला आणि जानेवारीत पक्षांना बोलावलं. पक्षांनी शंका काढल्या आणि ते बाजूला पडलं. जून २०२५ मध्ये बिहारने नगरपालिकांच्या निवडणुकीत मोबाइलवरून मतदान करून दाखवलं. पोलादपूरच्या गावांत ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला अजून मुंबईहून गाड्या भरून येतात. गाडीचं भाडं कोण भरतो, ते सगळ्यांना माहीत असतं. फोनवरून मत द्यायला लागले तर गाडीचा खर्च वाचेल. मत देताना फोनच्या बाजूला कोण उभं असेल, याची खात्री मात्र मतदान केंद्रातल्या पुठ्ठ्याच्या आडोशासारखी कुणी देऊ शकत नाही.

आणि रेंजवर किती विसंबायचं, तेही याच डोंगरांनी शिकवलं आहे. २२ जुलै २०२१ च्या संध्याकाळी महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली. ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्याच पावसात पोलादपुरात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर दरडी आल्या. महाड पाण्याखाली, वीज गेलेली, टॉवर बंद. बातमी बाहेर जायला आणि मदत आत यायला दुसरा दिवस उजाडला. २००५ मध्ये जुई, दासगाव, रोहण, कोंडिवते गाडली गेली तेव्हा मोबाइल नवे होते. सोळा वर्षांनी ते घरोघर होते, आणि त्या रात्री त्यांचा उपयोग विजेरीएवढाच झाला. धोक्याच्या गावांच्या याद्या सरकारकडे असतात. डोंगराला भेग पडल्याचं गुराख्याला आधी दिसतं. त्याचं दिसणं यादीत कसं पोचणार, हा मला नागरिकांच्या सहभागाचा सगळ्यात रोकडा प्रश्न वाटतो, आणि त्यासाठी फोन चालू असण्याच्या कोरड्या महिन्यांतच व्यवस्था लावावी लागते.

आता नवीन आलंय 'सभासार'. ग्रामसभेचं रेकॉर्डिंग दिलं की यंत्र इतिवृत्त लिहून देतं. केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये ते आणलं. दुसरीकडे खासगी माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा आला आणि त्यातून माहिती अधिकारातलं खासगी माहितीचं कलम बदललं. आधी त्या नकाराला सार्वजनिक कामाशी संबंध नसण्याची अट होती, ती गेली. लाभार्थ्यांची नावं मागणाऱ्याला 'ही खासगी माहिती' असं उत्तर देणं सोपं झालं. एक खिडकी मोठी होते तेव्हा दुसरी किलकिली होते, आणि दोन्हींची कारणं छापील कागदावर चांगलीच दिसतात.

बाकावरच्या त्या गृहस्थांकडे परत येतो. त्यांच्या पुतण्याला मी ते पान पाठवलं होतं. तो घाटकोपरला राहतो, मे महिन्यात गावी असतो. १ मेच्या सभेला त्याने पानाची झेरॉक्स काढून नेली आणि मलाही बोलावलं. शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी, पुढे टेबल, टेबलावर जाड बांधणीची वही. त्या दिवशी मुंबईकर घरी असल्यामुळे कोरम भरला होता. सह्यांसाठी वही फिरली. दोन म्हाताऱ्यांनी निळ्या पॅडवर अंगठा दाबून उमटवला आणि बोट धोतराला पुसलं.

काकांनी झेरॉक्स पुढे केली. वरच्या वाडीला लाइन आधी का, हे कोणत्या सभेत ठरलं? सरपंचांनी सांगितलं की पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला साठ टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेलाच लावावा लागतो, वरच्या लाइनचं अंदाजपत्रक तयार होतं म्हणून ती घेतली. उत्तर वाईट नव्हतं. खालच्या वाडीतल्या दोन बायका मागून बोलल्या, मग चार बोलल्या. अर्धा तास तेच चाललं.

शेवटी काका म्हणाले, "भाऊसाहेब, काय लिवलंत ते वाचून दाखवा."

भाऊसाहेबांनी वाचलं, "पाणीपुरवठ्याबाबत चर्चा करण्यात आली."

"असं नको. खालच्या वाडीने इचारलं असं लिवा. कधी ठरलं ते इचारलं, आणि पुढच्या आराखड्यात खालची लाइन पहिली घ्यायची मागणी केली. नावानिशी लिवा."

भाऊसाहेबांनी सरपंचांकडे बघितलं. सरपंच सतरंजीकडे बघत होते. मग भाऊसाहेबांनी आधीच्या ओळीखाली बारीक अक्षरात तीन ओळी लिहिल्या. पुतण्याने वहीच्या त्या पानाचा फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. चकती फिरत राहिली. संध्याकाळी आम्ही एसटीने निघालो तेव्हाही ती फिरतच होती. गाडी कापड्याच्या थांब्याला लागली, तेव्हा कुठे फोटो गेला.